हाताने जोडले तर चालते, आपोआप जोडले जात नाही : ठाण्यातील एका लॅपटॉपचे प्रकरण

ठाण्यात नौपाड्याला माझे संगणक-दुरुस्तीचे छोटे दुकान आहे आणि आसपासच्या दहा-बारा लहान कार्यालयांतील यंत्रांची देखभालही माझ्याकडे असते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक विमा सर्वेक्षक बाई आपला लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांची संस्था पुण्याची. त्या स्वतः घोडबंदर रस्त्यावर राहतात आणि ठाणे, कळवा, भिवंडी या पट्ट्यातल्या गॅरेजांमध्ये त्यांचे काम चालते. अपघातात सापडलेली गाडी पाहायची, फोटो काढायचे, नुकसानीचा तक्ता तिथेच उभ्या उभ्या भरायचा आणि पुण्याच्या सर्व्हरवर चढवायचा, हा त्यांचा दिवसभराचा क्रम. गॅरेजात वाय-फाय असेलच असे नाही, म्हणून संस्थेने त्यांना आतच सिम घालता येईल असा, विंडोज ११ असलेला लॅपटॉप दिला होता आणि सोबत पुण्यात घेतलेले डेटा-सिमही दिले होते.

तक्रार त्यांनी एका दमात सांगितली. "दादा, नेट जातं ही माझी तक्रार नाही. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये सगळ्यांचंच जातं. पण माझं परत येत नाही. मी कनेक्ट दाबलं की दोन सेकंदांत येतं, नाही दाबलं तर दिवसभर येणार नाही." वरवर पाहता ही गैरसोय किरकोळ वाटते. पण त्यांचे फोटो मागच्या बाजूने आपोआप चढत राहतील अशी सोय त्या प्रणालीत होती, आणि दुपारी एका गॅरेजातून दुसऱ्या गॅरेजात जाताना लॅपटॉपचे झाकण एकदा मिटले की ती सोय निकामी व्हायची. संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा, की चार गाड्यांचे फोटो आलेच नाहीत.

त्यांच्या त्या वाक्यातच निदान होते, हे मला पाच दिवसांनी कळले. एखादी जोडणी हाताने लगेच होत असेल, तर सिम, मॉडेम, अँटेना, सिग्नल आणि खात्यातली शिल्लक या सगळ्यांनी आपले काम केलेले असते. उरतो तो एकच प्रश्न, की ही जोडणी स्वतःहून करायची मुभा यंत्राला आहे की नाही. मी मात्र सवयीने बिघाड शोधायला बसलो.

एक गोष्ट सोपी होती : दोष हवा तेव्हा दाखवता येत होता. विमान मोड चालू करून पुन्हा बंद केला की सिग्नलच्या पट्ट्या भरून यायच्या, जाळ्याचे (नेटवर्कचे) नावही दिसायचे, पण जोडणी व्हायची नाही. जो दोष ग्राहकाच्या घरी होतो आणि दुकानात रुसून बसतो, त्याच्यापेक्षा असा दोष केव्हाही बरा.

पहिला संशय वीज वाचवण्याच्या सोयीवर गेला आणि तो जाणे स्वाभाविक होते. लॅपटॉप झोपी जातो तेव्हा विंडोज मोबाइल ब्रॉडबँडच्या कार्डाची, म्हणजे मॉडेमची, वीज तोडू शकते. जागे झाल्यावर ते कार्ड पुन्हा उभे राहते, सिम वाचते, टॉवर शोधते आणि नोंदणी करते. या साखळीत एखादी कडी अडकली तर जोडणी होत नाही. मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट पानावरची, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घेतली. परिणाम झाला, पण भलताच : झाकण उघडल्यावर पट्ट्या पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागल्या, जोडणी मात्र जिथल्या तिथेच. शिवाय विमान मोडच्या चाचणीत झोपेचा संबंधच नव्हता आणि तरीही दोष येत होता, तेव्हा हा मार्ग मी मुळातच धरायला नको होता.

मग नेहमीची फेरी झाली. सेटिंग्जमधल्या सेल्युलर पानावर, विंडोजने जोडणी राखून ठेवावी अशा अर्थाची जी चौकट असते, तिच्यात खूण होती. त्याच पानावर रोमिंगला परवानगी दिलेली होती; ती बाईंनीच कधीतरी दिली असावी आणि तेव्हा मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. मोबाइल जोडण्या सांभाळणारी विंडोजची डब्ल्यूवॅन ऑटोकॉन्फिग ही सेवा चालू होती. मॉडेमचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून नव्याने बसवला. काहीही फरक पडला नाही.

वाय-फायचा संशय थोडा अधिक टिकला, कारण त्यामागे खरे कारण आहे. विंडोज एकाच वेळी अनेक मार्गांनी इंटरनेटला जोडलेले राहणे टाळते. वाय-फाय मिळाले की मोबाइलची जोडणी सोडून देणे हे तिचे ठरलेले वर्तन आहे. पुष्कळ लोक हाच बिघाड समजतात. कार्यालयांच्या यंत्रांत हे वर्तन धोरणाने बदलता येते आणि त्याची किल्ली रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, एफ-मिनिमाइझ-कनेक्शन्स या नावाने असते. बाईंचा लॅपटॉप एखाद्या गॅरेजाच्या वाय-फायला नुसता चिकटून बसत असेल आणि तिथे प्रत्यक्षात इंटरनेट नसेल, तर काय होत असेल हे पाहायचे होते, म्हणून मी त्यांच्यासोबत वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात गेलो. पुढचा बंपर निघालेल्या एका गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, वाय-फाय पूर्ण बंद केले आणि झाकण मिटून पाच मिनिटे थांबलो. शेजारी पत्रा ठोकायचे काम चालले होते. मेकॅनिकने दोन कटिंग चहा आणून दिले. झाकण उघडले, पट्ट्या पूर्ण भरल्या, आणि खाली तेच : जोडलेले नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि न बोलता कनेक्ट दाबले. लगेच जोडले गेले. वाय-फायचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

तिथून परतल्यावर मी ती चाचणी केली जी या धंद्यात सर्वांत खात्रीची समजली जाते. माझे स्वतःचे, त्याच कंपनीचे, ठाण्यात घेतलेले सिम त्यांच्या लॅपटॉपमध्ये घातले. विमान मोड चालू-बंद केला; जोडणी आपोआप झाली. झाकण मिटून उघडले, आपोआप झाली. उलट बाजूने त्यांचे सिम माझ्या फोनमध्ये घातले, तर तिथेही ते निमूटपणे चालले आणि रोमिंगची कसलीही खूण दिसली नाही. मी निष्कर्ष काढला की सिम जुने झाले आहे, आणि तसे पुण्याला कळवायला सांगितले.

हा निष्कर्ष चुकीचा होता आणि तो का चुकला ते नीट मांडायला हवे, कारण या प्रकरणातले शिकण्यासारखे सर्व काही त्या चुकीत आहे. विंडोजमध्ये मोबाइल ब्रॉडबँडची प्रत्येक जोडणी एका प्रोफाइलवर चालते. त्या प्रोफाइलमध्ये एपीएनचे, म्हणजे सिम ज्या दारातून इंटरनेटला किंवा संस्थेच्या जाळ्यात जाते त्या दाराचे, नाव असते, वापरणाऱ्याची ओळख असते, आणि सिमचा स्वतःचा ओळखक्रमांक, म्हणजे आयसीसीआयडी, तोही नोंदवता येतो. म्हणजे प्रोफाइल सिमशी बांधलेले असते. सिम बदलले की विंडोज त्या सिमसाठी वेगळे प्रोफाइल घेते. ते नसेल तर आपल्याजवळच्या देशोदेशीच्या कंपन्यांच्या माहितीवरून नवे तयार करते. मी समजत होतो की मी एकच वस्तू बदलली. प्रत्यक्षात मी सिम आणि प्रोफाइल या दोन वस्तू एकदम बदलल्या होत्या, आणि दोष सिमच्या गळ्यात बांधून मोकळा झालो होतो.

नवे सिम दोन दिवसांनी पुण्याहून कुरियरने आले. ते घातले, आणि सगळे सुरळीत. विमान मोड, झोप, दुकानाच्या इमारतीची लिफ्ट, तिन्ही ठिकाणांहून जोडणी आपोआप परत आली. बाईंनी आभार मानले आणि पैसे विचारले. मी पावती लिहायला घेतली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, की संस्थेचा सर्व्हर काही उघडत नाही. पुण्याच्या संगणक विभागाला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी सांगितले, की संस्थेचा स्वतःचा एपीएन आहे, नव्या सिमसाठी त्याची फाइल मेलने पाठवली आहे, ती चढवल्याशिवाय सर्व्हर आत घेणार नाही. मी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटश एमबीएन ॲड प्रोफाइल या आज्ञेने ती फाइल चढवली. सर्व्हर उघडला. सहज म्हणून विमान मोड चालू-बंद केला, तर दोष परत हजर.

आता मात्र शंकेला जागा उरली नव्हती. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. जेमतेम वीस-पंचवीस ओळींची एक्सएमएल फाइल. नाव, सिमचा क्रमांक, एपीएन. आणि मध्येच कनेक्शन मोड या खुणेत (टॅगमध्ये) एक शब्द : ऑटो-होम.

या खुणेला तीन मूल्ये घेता येतात. मॅन्युअल म्हणजे वापरणाऱ्याने सांगितल्यावरच जोडायचे. ऑटो म्हणजे जाळे मिळाले की जोडायचे, मग ते आपले असो वा रोमिंगचे. ऑटो-होम म्हणजे स्वतःहून जोडायचे, पण केवळ घरच्या जाळ्यावर असताना. रोमिंगमध्ये असताना आपणहून काही करायचे नाही. रोमिंगला परवानगी दिलेली असल्यामुळे हाताने जोडण्याच्या आड काहीच येत नव्हते, आणि ऑटो-होममुळे आपोआप जोडण्याची मात्र मनाई होती. यंत्र दिलेला हुकूम तंतोतंत पाळत होते.

पण ठाण्यात बसून रोमिंग कसले? नेटश एमबीएन शो इंटरफेसेस ही आज्ञा दिली की मॉडेमची माहिती ओळीओळीने येते : उत्पादक, मॉडेल, फर्मवेअर, जाळ्याचे नाव, सिग्नलची टक्केवारी. त्यातच रोमिंगची एक ओळ असते. बाईंच्या सिमवर तिथे स्पष्ट रोमिंग असे लिहिले होते. माझे सिम पुन्हा घालून तीच आज्ञा दिली तर नॉट रोमिंग. ही ओळ पहिल्याच दिवशी माझ्यासमोर आली असती, मी ती आज्ञा दिली असती तर.

याचे कारण आपल्याकडच्या दूरसंचार परवान्यांच्या आखणीत आहे. देशाची २२ परवाना क्षेत्रे आहेत, ज्यांना बोलताना सर्कल म्हणतात, आणि ती राज्यांच्या सीमांप्रमाणे तंतोतंत जात नाहीत. महाराष्ट्रात दोन सर्कल आहेत. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण या दूरध्वनी क्षेत्रांचा मिळून मुंबई सर्कल होतो, ज्यात ठाणे शहर येते. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा. एकच कंपनी दोन्हीकडे सेवा देत असली तरी दोन्हीकडच्या जाळ्यांचे ओळखक्रमांक निराळे असतात. उदाहरण म्हणून, एअरटेलच्या मुंबईतल्या जाळ्याचा क्रमांक ४०४-९२ आहे आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या जाळ्याचा ४०४-९०. पहिले तीन अंक देशाचे, नंतरचे जाळ्याचे. सिमच्या आत जो ग्राहक-क्रमांक असतो त्याची सुरुवात याच अंकांनी होते. मॉडेम टॉवरने सांगितलेला क्रमांक सिममधल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. जुळला तर घर, नाही जुळला तर रोमिंग. मॉडेमच्या भाषेत घरच्या नोंदणीला १ आणि रोमिंगच्या नोंदणीला ५ हा अंक आहे. पुण्याचे सिम ठाण्यात आले की तांत्रिकदृष्ट्या ते परगावीच असते, बिल एकच येत असले तरी.

या दोन जाळ्यांना एकच घर मानावे अशी सोय मानकांत आहे : सिममध्ये समकक्ष घरच्या जाळ्यांची यादी ठेवता येते. ती भरलेली असती तर लॅपटॉपनेही ठाण्याला घर मानले असते आणि हे प्रकरण उद्भवलेच नसते. आणि माझ्या फोनवर रोमिंगची खूण का दिसली नव्हती, त्याचाही उलगडा झाला. फोनच्या प्रणालीत कंपनीनिहाय मांडणी असते आणि तीत, अमुक जाळ्यांवर असताना रोमिंग दाखवू नये, अशी यादी देता येते. फोनने समजूतदारपणे खूण लपवली होती. लॅपटॉपच्या मॉडेमने जे होते ते सांगितले. दोन साक्षीदारांपैकी मी गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला होता.

बाईंना हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे म्हणूनच पुण्याला मीटिंगला गेले की कधी त्रास होत नाही. मला वाटायचं तिथे रेंज चांगली असते म्हणून. येताना गाडीत बसल्या बसल्या काम करते ना, घाटात प्रत्येक बोगद्यानंतर आपोआप यायचं. कल्याण आलं की संपलं." तक्रार घेताना मी त्यांना दोष कधी येतो हे तीनदा विचारले होते, कुठे येतो आणि कुठे येत नाही, हे एकदाही विचारले नव्हते. हा प्रश्न आता माझ्या तक्रार-नोंदीच्या छापील कागदावर आहे.

दुरुस्ती करणे दोन मिनिटांचे काम होते, पण फाइल संस्थेची होती आणि तिच्यातला शब्द कोणीतरी विचार करून घातलेला असणार, म्हणून आधी पुण्याला फोन केला. त्या गृहस्थांनी कारण सांगितले. काही वर्षांपूर्वी संस्थेचे एक अधिकारी लॅपटॉप घेऊन परदेशी गेले, हॉटेलात यंत्र आपोआप जोडले गेले, रात्रभर अद्यतने उतरत राहिली आणि मोठे बिल आले. तेव्हापासून सर्वांच्या फाइलमध्ये ऑटो-होम. "साहेब, होम म्हणजे भारत असंच आम्ही धरलं होतं," ते म्हणाले. त्यांची चूक मानता येत नाही. शब्द तसाच फसवा आहे. देशांतर्गत रोमिंगचा वेगळा आकार मोठ्या कंपन्यांनी २०१७ च्या सुमारास काढून टाकल्यापासून देशातल्या देशात रोमिंग हा विषयच लोकांच्या मनातून गेला आहे. पैशाच्या हिशेबातून तो गेला, जाळ्याच्या हिशेबात मात्र अजून आहे.

उपाय तीन होते. पहिला, नंबर पोर्ट करून मुंबई सर्कलचे सिम घेणे. जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्यात नंबर नेता येतो, पण हे सिम संस्थेच्या सामायिक खात्यातले होते आणि एका कर्मचाऱ्यासाठी ते खाते फोडायला संस्था तयार नव्हती. दुसरा, सिममधली समकक्ष जाळ्यांची यादी कंपनीकडून भरून घेणे. हे ग्राहकाच्या हातातले काम नव्हे. तिसरा, प्रोफाइल बदलणे. तिसऱ्यावर एकमत झाले, आणि परदेशातल्या बिलाची भीती मूळ ठिकाणीच मिटवायचे ठरले : त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवाच बंद आहे याची संस्थेने कंपनीकडून लेखी खात्री करून घेतली. मग ऑटो-होमचा धाक ठेवायचे कारण उरले नाही.

फाइलची एक प्रत काढून तिच्यात ऑटो-होमच्या जागी ऑटो लिहिले. बाकी एक अक्षरही हलवले नाही, कारण सिमच्या क्रमांकात एक अंक जरी चुकला तरी प्रोफाइल लागू होत नाही. नेटश एमबीएन डिलीट प्रोफाइल या आज्ञेने जुने काढले, ॲड प्रोफाइलने नवे चढवले, आणि शो प्रोफाइल्सला प्रोफाइलचे नाव देऊन आत खरोखर ऑटो आहे याची खातरजमा केली. पॉवर मॅनेजमेंटची जी खूण मी पहिल्या दिवशी काढली होती, ती पूर्ववत केली. तिचा या दोषाशी संबंध नव्हता आणि बॅटरी मात्र ती काढल्यामुळे खर्च होत होती. दुरुस्तीच्या नादात केलेले निरुपयोगी बदल तसेच ठेवले तर पुढच्या माणसाला कोणता बदल कशासाठी होता ते उमगत नाही.

चाचणी तशीच ठेवली : विमान मोड, झाकण, लिफ्ट. तिन्ही वेळा जोडणी आपोआप झाली. मग बाईंना सांगितले, की आठवडाभर कनेक्टला हात लावायचा नाही, काहीही झाले तरी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूवॅन सेवेची स्वतंत्र नोंदवही असते, तिच्यावरून आठवड्याने पडताळणी केली. प्रत्येक तुटण्यापाठोपाठ जोडणी नोंदलेली होती. एकच अडचण शिल्लक राहिली. वीज वाचवण्याची खूण परत आल्यामुळे दीर्घ झोपेनंतर कार्डाला जागे व्हायला वीसेक सेकंद लागतात, आणि तेवढ्यात सवयीने बाईंचे बोट कनेक्टकडे जाते. बॅटरी हवी की वीस सेकंद, हे त्यांनी ठरवायचे होते. त्यांनी बॅटरी निवडली.

पुण्याच्या विभागाने त्यानंतर वाशी आणि बेलापूर इथल्या आपल्या तीन सर्वेक्षकांना विचारले. तिघेही रोज दिवसातून अनेकदा कनेक्ट दाबत होते. लॅपटॉपला तसेच करावे लागते, अशी तिघांचीही समजूत होती. सुधारलेली फाइल त्यांना पाठवण्यात आली. दोघांचे काम झाले. तिसऱ्यांच्या यंत्रात रोमिंगची ओळ ठीक आहे, प्रोफाइलही ठीक आहे, आणि झोपेतून उठल्यावर पट्ट्याच दिसत नाहीत. हाताने दाबूनही जोडले जात नाही. ते यंत्र येत्या सोमवारी माझ्याकडे येणार आहे आणि त्याचा तपास मी वीज वाचवण्याच्या सोयीपासूनच सुरू करणार आहे.